पॉलिहाऊसमध्ये फवारणी झाली, आता तोडा कधी करायचा?

उघड्या शेतात फवारलेलं औषध ऊन, वारा आणि पाऊस मिळून कमी करतात. पॉलिहाऊसमध्ये फळावर पाऊस पडत नाही, वारा कमी असतो. वरचा प्लास्टिकचा कागद अतिनील किरण बरेचसे अडवतो आणि हेच किरण अनेक औषधांचं विघटन करतात. आतल्या उष्णतेने काही औषधं लवकर उडतात, पण त्या भरवशावर राहू नका. ढोबळी मिरचीच्या देठाजवळचा खळगा बघा. थेंब वाळून तिथे पांढरट डाग बसतो. बाहेर एका सरीत तो धुऊन जाईल, आत आठ दिवसांनीही बोटाला लागतो.

फवारणीआधी लेबल वाचा. त्या पिकासाठी शिफारस आहे का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे त्यावर असतं. आत पिकवताना ते दिवस कमीत कमी समजा. एखाद्या पिकासाठी अवशेषांची मर्यादा ठरलेलीच नसेल, तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ती किलोला 0.01 मिलीग्रॅम धरतात, म्हणजे जवळपास काहीच नको.

आता हिशेब. समजा, फळावर किलोला 2 मिलीग्रॅम औषध आहे आणि मर्यादा 0.5 आहे. दर 3 दिवसांनी ते निम्मं होत असेल, तर 2 चं 1, 1 चं 0.5, म्हणजे 6 दिवस. आत निम्मं व्हायला 5 दिवस लागले, तर 10. मात्रा दुप्पट केलीत, तर आणखी 5 दिवस वाढले.

काकडी वाढते, त्याने प्रमाण घटतं: 50 ग्रॅमची 200 झाली, तर तेच औषध चौपट वजनात वाटलं जातं. रंगीत मिरचीत हा फायदा नाही, रंग भरताना ती फारशी वाढत नाही.

पण काकडी दिवसाआड तोडावी लागते, ती दहा दिवस थांबणार कशी? म्हणून तोडण्याजोगा सगळा माल काढून मगच फवारा, आणि कमी प्रतीक्षेचं औषध निवडा. मधल्या दिवसांत तयार झालेली फळं तोडून पुरा, गुरांना घालू नका. जीव तुटतो, पण विकली तर ती काकडी कुणाच्या तरी मुलाच्या डब्यात जाते. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषलं जाणारं औषध गरात मुरलेलं असतं, ते धुऊन निघत नाही.

दाराला पाटी लावा: औषध, फवारणीची तारीख, तोड्याची तारीख. आमच्याकडे पाटी नव्हती, तेव्हा तोडणीला आलेल्या बायकांनी फवारलेल्या ओळीतलेच चार क्रेट भरले होते.