नव्या सागरी टँकमध्ये कोरलाइन शेवाळ कसं वाढवावं: सोलापूरचं पाणी आणि उन्हाळा धरून

कोरडे पांढरे दगड रचून नवा सागरी टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, भरला की पहिले काही आठवडे तो अगदी उघडाबोडका दिसतो. मग दगडांवर तपकिरी थर चढतो, त्यामागून हिरवा. आपण वाट बघत असतो ती गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची. हे कोरलाइन शेवाळ लाल शैवालांच्या गटातलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ते पेशींच्या भिंती चुनखडीच्या करतं, म्हणून दगडावर खपलीसारखं घट्ट बसतं. त्याने जागा धरली की केसाळ हिरव्या शेवाळाला पाय रोवायला कमी वाव मिळतो.

विजापूर रोडवरच्या घरात माझा २०० लिटरचा टँक आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, बोअरचं पाणी जड आणि मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे. तरीही हे शेवाळ इथे छान वाढतं, फक्त पाणी स्थिर हवं.

पाण्यापासून सुरुवात

बोअरचं किंवा नळाचं पाणी थेट वापरू नका. स्वयंपाकघरातल्या आरओचंही पुरत नाही, कारण चवीसाठी त्यात बहुधा थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आलं की पाणी धरा. आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून फरशी पुसायला घ्या, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. रीफ टँकसाठीचं, म्हणजे प्रवाळांच्या टँकसाठीचं, सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, ठेवा. घरातलं मीठ चालत नाही.

मग टँकचं सायकल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होण्याची प्रक्रिया, पूर्ण होऊ द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी शेवाळ आणायची घाई नको.

बी टाका

पूर्ण कोरड्या दगडांवर हे शेवाळ आपोआप उगवत नाही, ते कुठून तरी आणावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे जुन्या टँकमधला जांभळा झालेला छोटा दगड, शंखावर थर चढलेली गोगलगाय किंवा प्रवाळाचा फ्रॅग (तोडलेला छोटा तुकडा). पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींकडे ते मिळतं. थर्माकोलच्या डब्यात, त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सोलापुरात पोचतं. वाटेत कोरडं पडलं तर मरतं. टँकमध्ये सोडण्याआधी एप्टेशियासारखं उपद्रवी समुद्रफूल चिकटलेलं नाही ना, ते उजेडात बघा.

जुन्या टँकच्या काचेवरची जांभळी खरवड मिळाली तर उत्तमच. पंप चालू ठेवून ती दगडांजवळ सोडा आणि गाळणीचा कापूस काही तास काढून ठेवा.

किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा त्याचे दगड उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना संरक्षण आहे.

तीन आकडे सांभाळा

कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके), अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, ८ ते ९.५ डीकेएच (हे तिचं एकक), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. मॅग्नेशियम आधी तपासा. ते कमी असेल तर घातलेलं कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात टिकत नाही, हीटरवर आणि पंपावर पांढरं साचतं.

माझी चूक इथेच झाली. अल्कलिनिटी ७ वर आलेली दिसली आणि एका संध्याकाळी बफर (अल्कलिनिटी वाढवणारी पूड) घालून मी ती १० वर नेली. आठवड्यात ठिपक्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. तेव्हापासून दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त बदल मी करत नाही.

लहान टँकला चुन्याची निवळी पुरते: शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओ-डीआय पाण्यात ढवळून, खाली बसू देऊन, वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. त्याचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून हातमोजे घाला आणि एकदम ओतू नका. पानाचा चुना मात्र वापरू नका, त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते.

फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आत ठेवा, ते वाढलं की चुनखडी जमण्यात अडथळा येतो. म्हणून माशांना खाणं बेतानेच.

उन्हाळा

पाणी २४ ते २६ अंशांवर हवं. मार्च ते मे आपली हवा कोरडी असते, आणि माठातलं पाणी ज्या न्यायाने गार होतं त्याच न्यायाने टँकवर लावलेला साधा पंखा पाणी दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा एवढा गुण येत नाही. तरीही पाणी २८ च्या खाली येत नसेल तर चिलर घ्या.

पंख्याने पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच. काचेवर खूण करून ठेवा. गावाला जाणार असाल तर ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवल्याशिवाय निघू नका. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

प्रकाश आणि गोगलगायी

मध्यम, निळसर प्रकाश पुरतो. दिवे एकदम पूर्ण ताकदीने लावले तर थर फिका पडतो. ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी दगडावरचा हिरवा थर खातात आणि जागा मोकळी करतात. समुद्री साळू (सी अर्चिन) मात्र सुरुवातीला नको, तो कोरलाइनच खरवडून खातो.

बी टाकल्यावर पहिले ठिपके दिसायला एक ते तीन महिने लागतात, दगड भरून यायला वर्षही लागतं. दगडांकडेच बघत बसू नका. बहुतेकदा ते आधी पंपाच्या टोपणावर आणि मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात येतात. रात्री दिवे बंद करून तिथे टॉर्च मारा.