कारखान्याच्या शेडवर सोलर किती किलोवॉटचं बसवावं?

"छत किती मोठं आहे?" हाच ज्याचा पहिला प्रश्न, त्या व्हेंडरला चहा पाजून परत पाठवा. छत शेवटी बघायचं.

वर्षभराची बिलं काढा. काँट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) आणि टीओडीनुसार, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणाऱ्या दरांनुसार, युनिटं टिपून घ्या. महाराष्ट्रात किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरा, पावसाळ्यात कमी.

खरी मेख पुढे आहे, आणि मलाही सुरुवातीला इथंच घाम फुटायचा. महिन्याच्या युनिटांना 120 ने (रोजची चार युनिटं गुणिले 30 दिवस) भागून आकडा सांगणं मला साफ नामंजूर. 30,000 युनिटं जाळणारा कारखाना घ्या. भागाकार सांगतो 250 किलोवॉट. पण तो 26 दिवस तिन्ही पाळ्यांत चालत असेल तर सरासरी लोड जेमतेम 48 किलोवॉट, आणि प्लांट भर दुपारी 200 च्या आसपास देणार. उरलेले 150 कुठे जिरवणार? तेवढीच युनिटं आठ तासांच्या एका पाळीत जळत असतील तर लोड 144. बिल तेच, उत्तर वेगळं.

म्हणून मीटरचा लोड सर्व्हे, म्हणजे कोणत्या वेळी किती लोड होता याची नोंद, मागवा आणि दहा ते तीनचा पट्टा वारानुसार बघा. साडेबाराला जेवणाची सुट्टी होते, सीएनसी मशीनं थांबतात, काँप्रेसर अनलोड होतो. ऊन नेमकं तेव्हाच माथ्यावर. हा खड्डा सरासरीत दिसत नाही. पुण्याजवळच्या भोसरीत गुरुवारी शेड बंद, तो वार वेगळा काढा. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज ग्रिडला जाऊन तुमच्या खात्यात जमा होते, पण टीओडीच्या हिशेबात तिनं संध्याकाळची महाग युनिटं फिटत नाहीत. झिरो एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे ग्रिडला वीज द्यायचीच नसेल, तर इन्व्हर्टर उत्पादनच आवळतो.

माझा नियम: झिरो एक्स्पोर्टला कामाच्या दिवशीचा दुपारचा नेहमीचा लोड ही कमाल. नेट मीटरिंगला थोडं वर जा, पण काँट्रॅक्ट डिमांडच्या आत. "पुढं मशीनं वाढणारच आहेत" म्हणून आज मोठा प्लांट घेऊ नका. मशीनं आली की पॅनल वाढवा.

सोलर किलोवॉट देतं, केव्हीएआर (मोटरना लागणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी रिअॅक्टिव्ह वीज) ग्रिडमधूनच येतात, त्यामुळे मीटरवरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे कामाच्या विजेचा वाटा, घसरतो. महावितरणचं एचटी (उच्चदाब) बिल केव्हीएएचवर, म्हणजे ही रिअॅक्टिव्ह वीजही धरून असतं, तेव्हा पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं एपीएफसी पॅनल आधी तपासून घ्या.

डीजी (डिझेल जनरेटर) असेल तर त्याच्यावर किमान 30 टक्के लोड राखणारा कंट्रोलर कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आता छत. पत्र्यावर किलोवॉटला सात-आठ चौरस मीटर, स्लॅबवर दहा. टर्बो व्हेंटिलेटर आणि पारदर्शक पत्रे वजा करा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते आधी बदला, नंतर पॅनल.