वॉचमनदादांना बोलती मराठी शिकवायची असेल तर

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी मी वॉचमन, डिलिव्हरीवाले आणि घरकामाच्या बायकांना मराठी शिकवते. बहुतेकांची भाषा हिंदी. पहिल्या दिवशी हौसेने फळ्यावर बाराखडी लिहिली. पुढच्या रविवारी चौदाजणांतले पाच उरले. बारा तासांची ड्युटी करून आलेला माणूस पुन्हा पहिलीत कशाला बसेल?

म्हणून पुस्तक उघडण्याआधी प्रत्येकाला विचारा, दिवसभरात बोलताना कुठे अडतं? आमच्या यादीत सगळ्यात वर होतं, ‘कोणाकडे जायचंय?’ तोच पहिला धडा. एकाने वॉचमन व्हायचं, दुसऱ्याने पाहुणा.

मग हिंदी जिथे दगा देते तिथे रेंगाळा. ‘लिफ्ट खाली है’ म्हणजे रिकामी आहे. ‘लिफ्ट खाली आहे’ म्हणजे तळमजल्यावर आहे. ‘माझी शिक्षा गावात झाली,’ असं एकाने सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘गुन्हा काय केला होता?’ शिक्षेचा मराठी अर्थ कळल्यावर सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

नपुंसकलिंग हिंदीत नाही, त्यामुळे तिथे हमखास घोळ होतो. नियम सांगत बसू नका, चेंडू घ्या. फेकणाऱ्याने वस्तू सांगायची, झेलणाऱ्याने वाक्य: टँकर आला, रिक्षा आली, पार्सल आलं. चुकलं तर मध्येच तोडू नका. त्याचं झालं की बरोबर वाक्य आपण सहज म्हणायचं.

‘तुम्ही’ मात्र नीट समजावून सांगा. कानाला ते हिंदीतल्या ‘तुम’सारखं लागतं, म्हणून आजोबांना ‘तुम्ही’ म्हणायला माणसं कचरतात. मराठीत ते आदराचंच आहे. आणि आपणही त्यांना अहो-जाहोच करायचं, वयाने लहान असले तरी.

तास पाऊण तासाचा पुरे. शिफ्ट बदलली की गैरहजेरी होणारच, तेव्हा प्रत्येक धडा त्याच दिवशी संपवा. गृहपाठ एकच: आठवडाभर एक वाक्य गेटवर वापरायचं आणि समोरून काय उत्तर आलं ते येऊन सांगायचं.

इथेच माझी गाडी अडली. ‘मराठीत विचारलं तरी सगळे हिंदीतच बोलतात, ताई,’ अशी सगळ्यांची तक्रार. शेवटी मी लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली: ‘आपले वॉचमन मराठी शिकत आहेत. कृपया त्यांच्याशी मराठीतच बोला. सावकाश.’