चोरावर कादंबरीमालिका लिहिताय? मग या चुका टाळा

माझ्या पहिल्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात चोर रात्री साडेअकराला इंदूरच्या सराफ्यात शिरत होता. निर्मनुष्य गल्ली, लांबून येणारं कुत्र्याचं भुंकणं, एकच मिणमिणता दिवा. माझा जन्म इंदूरचा, बालपण रामबागेतलं, तरी मी हे लिहून बसले. साडेअकराला सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, मालपुवे, थंडीच्या दिवसांत गराडू (तळलेला कंद) मांडले जातात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. जुनी माणसं सांगतात की सराफांनीच खाऊवाल्यांना बसू दिलं, कारण गर्दी हाच पहारा. माझ्या हातून उतरलेली गल्ली सराफ्याची नव्हतीच. ती लहानपणी वाचलेल्या रहस्यकथांमधली मुंबईची गल्ली होती.

पुढे माझ्याकडे इतरांची हस्तलिखितं वाचायला येऊ लागली. बहुतेकांत हीच चूक वेगवेगळ्या वेशात दिसते: जागा आपली, वातावरण दुसऱ्याच्या पुस्तकातलं. उपाय एकच. ज्या वेळेचा प्रसंग लिहायचा, त्या वेळेला तिथे जाऊन उभं राहायचं. मी भाच्याला घेऊन पहाटे साडेतीनला गेले. कढया घासण्याचा आवाज होता, ओल्या रस्त्याला तेलाचा वास होता आणि झाडणारी माणसं कामाला लागली होती. त्या एका तासाने प्रकरण बदललं. आता माझा चोर महिनाभर त्याच ओट्याशी उभं राहून खातो. रोजच्या गिऱ्हाइकाकडे कोण बघतो?

शहराचं कॅलेंडरही चोराच्या बाजूने वाचा. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात, रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येते. सगळा बंदोबस्त तिकडे, घरातली माणसंही तिकडे. धंदेवाईक चोर ही तारीख वर्षभर आधी हेरून ठेवील. हौशी चोर अमावास्या शोधत बसतो, आणि हौशी लेखकही.

इंदूरच्या ठाण्यात पीआय नसतो

मराठीत लिहायचं म्हटलं की पोलीस आपोआप महाराष्ट्राचे होतात. माझ्या पहिल्या आवृत्तीत पीआय होते, हवालदार होते, चोर तडीपार होता. एका निवृत्त पोलिसाने पुस्तक वाचून फोन केला, "काकू, गोष्ट छान आहे, पण हे ठाणं कुठलं?" मध्य प्रदेशात ठाण्याचा प्रमुख टीआय. शिपाई म्हणजे आरक्षक, त्याच्या वरचा प्रधान आरक्षक. तडीपार नाही, जिलाबदर. खबरी नाही, मुखबिर. आणि ९ डिसेंबर २०२१ ला इंदूर आणि भोपाळमध्ये पोलीस आयुक्तालय सुरू झालं, त्यामुळे आधीचे सीएसपी (नगर पोलीस अधीक्षक) गेले आणि एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) आले. तुमची मालिका २०१९ ते २०२३ अशी चालत असेल तर मधल्या भागात दारावरची पाटी बदलायलाच हवी.

कायद्याचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं चोरीचं कलम ३७९ आता ३०३(२) झालं, चोरीचा माल बाळगण्याचं ४११ आता ३१७. हिसकावून पळण्यासाठी ३०४ हे वेगळं कलम आलं. कोणता कायदा लागायचा ते गुन्हा कधी घडला त्यावर ठरतं, पुस्तक कधी छापलं त्यावर नाही.

आणखी एक शब्द फार सैल वापरला जातो: दरोडा. कायद्याच्या भाषेत दरोड्याला पाच किंवा अधिक माणसं लागतात, आणि बळजबरी किंवा धाक लागतो. चौघांनी तेच केलं तर ती जबरी चोरी. कुलूप उघडून कुणाला न उठवता माल नेला तर दोन्ही नाही. मुरलेल्या चोराला हा फरक तोंडपाठ असणार. 'पाचवा माणूस नको' एवढं एक वाक्य त्याच्या तोंडी घाला, वाचकाला त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव दिसेल.

कबुलीजबाबाने कादंबरी संपवू नका. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पूर्वीच्या साक्ष अधिनियमात ते कलम २५ होतं, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ आहे. मात्र आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी जोडलेला भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे खरं नाट्य 'साहेब, मीच केलं' यात नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवायचं की नाही, यात आहे.

चोरीची रात्र चाळीस पानं, दुसरा दिवस दोन ओळी

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच. पोट चोरीवर असणाऱ्या माणसाच्या आयुष्यात कुलूप उघडणं हा सर्वात छोटा भाग असतो. माल न्यायचा कसा, ठेवायचा कुठे, विकायचा कुणाला, आलेला पैसा घरात कोणत्या नावाने आणायचा, हा त्याचा खरा धंदा. आणि आपल्या कादंबऱ्यांत तोच गायब असतो. 'माल ठिकाणावर पोचला' असं लिहून लेखक मोकळा होतो.

आधी वजन बघा. एका हस्तलिखितात चोर शाळेच्या दप्तरात सोन्याची बिस्किटं खच्चून भरून भिंतीवरून उडी मारतो. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. वीस लिटरचं दप्तर बिस्किटांनी भरलं तर ३८६ किलो. उडी सोडा, ते दप्तर जागचं हलणार नाही. नोटांचंही गणित करा. पाचशेच्या नोटांत एक कोटी म्हणजे २०,००० नोटा, शंभर नोटांची एक याप्रमाणे दोनशे गड्ड्या. नोट साधारण ग्रॅमभर धरली तर वीस किलो. एवढा माणूस उचलेल, पण चालण्यातून ते दिसेल, आणि ते दिसणं लिहिण्याजोगं आहे. २०२४ सालच्या गोष्टीत दोन हजारांच्या गड्ड्या तर घालूच नका. रिझर्व्ह बँकेने त्या चलनातून काढून घेत असल्याचं १९ मे २०२३ लाच जाहीर केलं होतं.

मग ओळख. हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय विकता येत नाही. दागिना मुशीत गेला की खूण जाते, पण सोबत घडणावळ जाते, कारागिरी जाते, आणि चोराच्या हाती पडतो बाजारभावाचा एक तुकडा. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं. आजीच्या पाटल्या वितळताना बघणारा चोर हा दोन ओळींत उरकण्याचा प्रसंग आहे का? माझ्या दुसऱ्या भागात तो प्रसंग नऊ पानांचा झाला आणि वाचकांची सर्वाधिक पत्रं त्यावरच आली. त्या घरातली म्हातारी 'आठ तोळे' म्हणते ते ११.६६ ग्रॅमच्या जुन्या तोळ्याने, आणि विकत घेणारा १० ग्रॅमच्या तोळ्याने मोजतो. या फरकावर माझ्या चोराचं त्याच्या भागीदाराशी भांडण होतं. मालिकेचा तिसरा भाग त्या भांडणातून निघाला.

आपल्या परंपरेत याचा उत्तम धडा घरालगत आहे. इंदूरपासून पन्नासेक किलोमीटरवर उज्जैन, आणि उज्जैनमध्ये शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक. तो भिंत फोडण्याआधी विटा भाजलेल्या की कच्च्या ते बघतो, मोजायचा दोरा विसरला म्हणून जानव्याने माप घेतो. वाचणाऱ्याला मजा येते ती कसबाची. पण नाटक पुढे सरकतं ते त्याच्या हेतूमुळे: प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायचं आहे. आणि पेच पडतो तो चोरलेल्या मालामुळे, कारण ते दागिने निघतात तिच्याच मालकिणीचे. कसब, गरज, आणि माल कुणाचा, ही तिन्ही त्या एका चोरीत आहेत. आपल्या प्रत्येक भागात ती आहेत का, एवढं तपासा.

तिसऱ्या भागात गाडी अडते तेव्हा

लक्षण असं असतं: पहिले दोन भाग पटापट लिहिले, तिसऱ्यात चोरी आणखी मोठी केली, तरी कंटाळा येतो. कारण बहुधा हे की चोराला काहीच किंमत मोजावी लागलेली नाही. त्याला कुणी पकडत नाही, त्याचं वय वाढत नाही, गुडघा दुखत नाही. त्याला एकदा पकडू द्या. मग बोटांचे ठसे घेतले जातील, आणि २०२२ पासून देशभरचे ठसे नाफिस या एकाच संगणकीय यंत्रणेत जमा होतात. इंदुरात दिलेले ठसे वडोदऱ्यात ओळखले जाऊ शकतात. ज्या माणसाला आजवर गाव बदललं की नवा जन्म मिळत होता, त्याची ती सोय संपते. चोरी मोठी करण्यापेक्षा जागा आवळणं अधिक उपयोगी पडतं, हा माझा अनुभव.

दुसरं कारण विसरणं. मालिकेसाठी एक जाड वही ठेवा. पात्राचं जन्मसाल, डाव्या हाताचा व्रण, कुणाला काय माहीत आहे, कोणत्या भागात शहर कसं होतं. आमच्याकडे बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, वेगळी मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती काढायला घेतली. २०१८ सालचा पाठलाग त्या मार्गिकेतून होऊ शकतो, ती काढल्यानंतरचा नाही. माझ्या एका पात्राची बायको पहिल्या भागात माहेरची ग्वाल्हेरची होती आणि तिसऱ्यात बडोद्याची झाली. वाचकांनी पत्रं लिहून विचारलं. माफी मागून दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं.

भाषेबद्दल थोडक्यात. इंदूरचा चोर 'खोका', 'पेटी', 'सुपारी' बोलत नाही. तो 'भिया' (भाऊ) म्हणतो, घरात आईशी मराठी बोलतो आणि चुकून 'थैली' म्हणतो, 'पिशवी' नाही. पूर्ण संवाद हिंदीत लिहून मराठी वाचकाला थकवू नका. हिंदीचा एखादा शब्द, वाक्याची इंदुरी चाल, पुरे.

पुस्तक वाचकापर्यंत नेताना

'सत्यघटनेवर आधारित' हे मुखपृष्ठावर छापायचा मोह सगळ्यांना होतो. खरं नसेल तर छापू नका. खरं असेल तर आणखी जपून, कारण ज्याच्या घरी चोरी झाली ते कुटुंब याच शहरात राहतं. घर, गल्ली, नातं, तारीख, सगळं बदला.

भाग क्रमांक पुस्तकाच्या पाठीवर हवा. पुस्तक कपाटात उभं असतं, मुखपृष्ठ कुणाला दिसत नाही. ग्रंथालयात माझा दुसरा भाग आधी वाचून लोक गोंधळत होते आणि मला वाटत होतं की कथाच जमली नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास गटांत जाहिरात टाकून काही होत नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात आणि संदेश फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे. 'मी दोनशे जणांना पाठवलं, कुणीच बोललं नाही' या तक्रारीचं कारण बरेचदा एवढंच असतं. प्रत्येक विक्रीच्या वेळी, प्रत्येक कार्यक्रमात, नंबर साठवून घ्यायची विनंती करा.

आपण बृहन्महाराष्ट्रातले लेखक. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं इंदुरात झाली, पण दर आठवड्याला मराठी पुस्तक घेणारं गिऱ्हाईक इथे पुण्याइतकं नाही. म्हणून प्रकाशन समारंभावर पैसे ओतण्याआधी ते टपालखर्चासाठी ठेवा. ग्वाल्हेर, वडोदरा, इंदूर इथल्या मराठी ग्रंथालयांना पहिल्या भागाची प्रत स्वतः पाठवा. आणि चोराची एक स्वतंत्र लघुकथा दिवाळी अंकांना द्या. ऑक्टोबरमध्ये आठवण होऊन उपयोग नाही, अंक उन्हाळ्यापासूनच जुळू लागतात. जूनअखेर कथा संपादकाच्या हातात असावी. माझे वाचक सर्वाधिक आले ते तिथूनच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, यासाठी कुणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो लेखकालाही मोफत देते. छापील पुस्तकाला एक आणि ई-बुकला वेगळा घ्या.

शेवटी करार, कारण इथे मी दीड वर्ष गमावलं. तिसरा भाग बाजारात आला तेव्हा पहिला संपलेला होता. प्रकाशक पुन्हा छापेनात आणि हक्कही सोडेनात. मालिकेत पहिला भाग नसणं म्हणजे घराला दार नसणं. वकिलाने कॉपीराइट कायद्याचं कलम १९ समोर ठेवलं: मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिलेले धरतात, आणि हक्क घेऊन ते वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. माझ्या करारात वेगळं लिहिलेलं होतं आणि मी न वाचता सही केली होती. तुम्ही प्रत्येक भागाचा करार वेगळा करा, मुदत आकड्यात लिहा, 'प्रती संपल्यावर सहा महिन्यांत पुनर्मुद्रण, नाहीतर हक्क परत' हे कलम घाला, आणि ऑडिओ व दृश्य माध्यमांचे हक्क त्यात मिसळू देऊ नका. माझी मुदत संपल्यावर पहिला भाग मी स्वतः छापला, तीनशे प्रती, पाठीवर ठळक १. सराफ्याचं प्रकरण तेवढ्यात पुन्हा एकदा तपासून घेतलं.