रानवाटेला रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

बेळगावच्या खानापूर भागात रानातून शेताला जाणाऱ्या शस्त्र-परवानाधारकाला .३२ बोअरमध्ये (नळीच्या मापात) काय घ्यावं कळत नाही. दुकानातच पारखा.

१. डाव्या हातात काठी धरा. रिकामं असल्याची खात्री करून हत्यार उजव्या हातात घ्या, नळी जमिनीकडे.
२. काडतूस फुसकं निघालं असं समजा. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायला मात्र काठी टाकावी लागते.

पिस्तूल चपटं, कमरेला टोचत नाही. पण पावसाळ्यातला तांबडा चिखल स्लाइडच्या खाचेत बसतो. रोज पुसणं होणार नसेल तर रिव्हॉल्व्हरच घ्या.

भीमगड अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि अस्वलासाठी .३२ वर भिस्त नको. काठीला घुंगरू बांधा, वाजत राहू द्या.