पाण्यातलं टोल्युइन निअर-इन्फ्रारेडने मोजताना

लिटरमागे दोन-चार मिलिग्रॅम टोल्युइन (एक द्रावक) निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने थेट पाण्यात मोजायला जाऊ नका. 1450 आणि 1940 नॅनोमीटरला पाणीच एवढा प्रकाश शोषतं, आणि तापमान जरा हललं की त्याचे शोषणाचे पट्टे असे सरकतात, की टोल्युइनची 1680च्या आसपासची बारीक खूण त्यात हरवते. आधी टोल्युइन सिलिकॉन रबरात ओढून घ्या, मग रबर मोजा.

पारदर्शक पीडीएमएसची (म्हणजे त्याच सिलिकॉन रबराची) 30 × 10 × 2 मिलिमीटरची पट्टी रात्रभर मेथनॉलमध्ये भिजवा, पूर्ण वाळवा आणि कोरी स्कॅन करा. रबराचे स्वतःचे पट्टेही 1700च्या आसपासच येतात. त्यामुळे एका पट्टीचा ब्लँक (कोरा स्कॅन) दुसरीला चालत नाही.

100 मायक्रोलिटर टोल्युइन मेथनॉलने 10 मिलिलिटरपर्यंत न्या. हे झालं 8.67 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. यातले 100 मायक्रोलिटर 500 मिलिलिटर पाण्यात गेले की 1.7 मिलिग्रॅम प्रति लिटर, 500 गेले की 8.7. कमी पडणारं मेथनॉल वरून घालून सगळ्या स्टँडर्डमध्ये (टोल्युइनचं प्रमाण माहीत असलेल्या या द्रावणांमध्ये) सारखं ठेवा. बाटली काचेचीच, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर, आणि भरायची काठोकाठ. वर हवा राहिली तर टोल्युइन तिच्यात जातं. काठोकाठ नेमकं किती मावतं ते वजन करून आधीच काढून ठेवा, कारण ही पट्टी पाण्यातलं बरंच टोल्युइन उचलते आणि पाणी कमीजास्त झालं की उत्तर बदलतं.

पट्टी बाटलीत टाका आणि 25 अंशांवर, चुंबकी ढवळणीचा वेग तोच ठेवून, 30, 60, 120 आणि 240 मिनिटांनी वाचन घ्या. वाढ थांबते ती तुमची वेळ. पट्टी चिमट्याने काढा, टिश्यूने टिपा (धुऊ नका) आणि मिनिटाच्या आत स्कॅन करा, नाहीतर टोल्युइन उडून जातं. 1940ला उंचवटा दिसला तर पट्टीवर पाणी राहिलंय.

सगळ्यात फसवी चूक स्टँडर्डच्या क्रमात असते. कमी ते जास्त असे ओळीने मोजले, तर दिवसभर तापत गेलेली खोलीही त्याच क्रमाने स्पेक्ट्रममध्ये उतरते. पीएलएस मॉडेल (स्पेक्ट्रमवरून प्रमाण काढणारं सांख्यिकी गणित) तीच शिकतं आणि आलेख मात्र सुरेख सरळ येतो. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, आणि मॉडेलने न पाहिलेले नमुने वेगळ्या दिवशी तपासा.

झायलीन सोबत असेल तर पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून तेही कॅलिब्रेशनमध्ये घ्या. पिण्याच्या पाण्यातलं बेंझीन इथे शोधू नका: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, तिथे जीसी-एमएसच (गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री) हवं.