उन्हाळ्यात इन्सुलिन कसं सांभाळायचं: फ्रिज असलेल्या आणि नसलेल्या घरांसाठी

एप्रिल अर्धा सरला की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं: "ताई, सुई रोजच घेऊन राह्यलो, पण शुगर काही उतरून नाही राह्यली." माझं दुकान वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक बाजाराच्या दिवशी येतात आणि त्याच फेरीत महिन्याची औषधं नेतात. अशा वेळी मी आधी डोस विचारत नाही, बाटली घरी कुठे ठेवता ते विचारते. उत्तरं ठरलेली असतात. भिंतीतल्या देवळीत, टिनाच्या छपराखालच्या फळीवर, गाडीच्या डिक्कीत, नाहीतर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. पहिल्या तीन जागी इन्सुलिन उष्णतेने खराब होतं, चौथ्या जागी गोठून.

पुढचा प्रकार जास्त घातक आहे. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, कारण औषधात दम उरलेला नाही हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग नवी, चांगली बाटली येते, वाढवलेला डोस तसाच चालू राहतो आणि माणूस शुगर एकदम उतरून वावरातच पडतो. डोस किती घ्यायचा हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. तो पूर्ण ताकदीने अंगात कसा पोचेल, तेवढं मी इथे सांगते.

बाटलीत काय असतं

इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर उतरवणारा, पोटातल्या स्वादुपिंड या ग्रंथीत तयार होणारा पदार्थ. तो प्रथिन आहे. फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1955 पर्यंत त्याची पूर्ण रचना उलगडली: 51 अमिनो आम्लं, एक साखळी 21 ची आणि दुसरी 30 ची. त्याबद्दल त्यांना 1958 चं नोबेल मिळालं. या साखळ्यांची घडी नेमकी कशी असते, ते डोरोथी हॉजकिन यांनी 1969 मध्ये दाखवलं. तीस वर्षांहून जास्त काळ त्या या एका रेणूच्या मागे होत्या. रुग्णाने यातून एवढंच लक्षात ठेवायचं की औषधाचा सगळा गुण त्या घडीत आहे. उष्णता, गोठणं आणि जोरात हलवणं या तिन्हींमुळे घडी उलगडते आणि साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. फाटलेलं दूध थंड केलं म्हणून परत दूध होत नाही, तसंच इथेही आहे. तापलेली बाटली नंतर फ्रिजमध्ये ठेवून काही उपयोग नाही.

"गोळी का नाही देत?" या प्रश्नाचं उत्तरही हेच. प्रथिन पोटात गेलं की वरणातल्या डाळीसारखंच पचून जातं, म्हणून सुईच घ्यावी लागते.

आपल्याकडे सुईची भीती फार. "एकदा लागली की सवय लागते" असं म्हणत लोक महिनोन्‌महिने टाळत राहतात. त्यांना मी लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगते. कॅनडातल्या टोरोंटोचा हा 14 वर्षांचा मुलगा, वजन जेमतेम 30 किलो. त्या काळी टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच न होणाऱ्या लेकरांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता, त्याने मरण फक्त थोडं लांबायचं. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी 1921 च्या उन्हाळ्यात प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढून प्रयोग सुरू केले. 11 जानेवारी 1922 ला लिओनार्डला गुरांच्या स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई दिली. अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू झालं आणि साखर फारशी उतरली नाही. मग जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. 23 जानेवारीपासून पुन्हा सुया सुरू झाल्या आणि मुलगा सावरला. तो पुढे 13 वर्षं जगला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकले. हे आठवलं की मला अजूनही भरून येतं.

टाइप 1 च्या लेकराला इन्सुलिन लागतं ते अन्नपाण्यासारखं. त्याचं स्वादुपिंड ते तयारच करत नाही, तेव्हा सवय लागण्याचा प्रश्नच येत नाही. टाइप 2 मध्ये बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं, पण डॉक्टर सुई म्हणाले तर त्याचा अर्थ "आता सगळं संपलं" असा नाही.

घरात फ्रिज असेल तर

न फोडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या. जागा दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नाही, त्याच्या खालच्या ट्रेमध्ये नाही आणि मागच्या भिंतीला टेकवूनही नाही, कारण एकदारी फ्रिजमध्ये तिथेही गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला अगदी जसंच्या तसं असू शकतं, तरी ते फेकायचंच. लाईन गेली तर दार उघडू नका. एक स्वस्तातला थर्मामीटर आत ठेवा. माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्येही आहे आणि सकाळी शटर उघडल्यावर माझी पहिली नजर त्याच्यावरच जाते.

फोडलेली बाटली 25 ते 30 अंशांच्या आत असेल तर बाहेर चालते, साधारण 28 दिवस. काही कंपन्यांची मुदत वेगळी असते, आतला कागद वाचा. फोडल्याची तारीख पेनाने खोक्यावर लिहा. इथे गरिबाचं नुकसान होतं, ते मला ठाऊक आहे. यू-40 म्हणजे एका मिलीत 40 युनिट (इन्सुलिन मोजायचं माप), म्हणून तिच्या 10 मिलीच्या बाटलीत 400 युनिट असतात. रोज 10 युनिट घेणाऱ्याचे 28 दिवसांत 280 संपतात आणि 120 उरतात. ते उरलेले वापरू नका.

फ्रिज नसेल तर माठ

आपलं ऊन कोरडं आहे, त्याचा इथे फायदा होतो. मातीतून झिरपणारं पाणी वाफ होऊन उडताना भांड्यातली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त.

एक मोठा माठ घ्या, रंग किंवा ऑइलपेंट न लावलेला. त्यात मावेल असं लहान मडकं घ्या. मोठ्याच्या तळाशी चार बोटं रेती घाला, त्यावर मडकं ठेवा आणि मधली फटही रेतीने भरा. रेती पूर्ण भिजेपर्यंत पाणी ओता. आतल्या मडक्यात पाणी घालायचं नाही. इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून तो डबा मडक्यात ठेवा आणि वरून जुन्या धोतराचं ओलं फडकं झाका. सकाळ-संध्याकाळ रेतीवर पाणी, मे महिन्यात दुपारीही. माठ सावलीत, पण वारा खेळेल अशा जागी हवा. पडवी चांगली. बंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर पाणी उडत नाही आणि माठ नुसताच ओला राहतो.

आत थर्मामीटर टाकून दुपारी तीनला बघा. माठ फ्रिजची जागा घेत नाही, बाहेरच्यापेक्षा बरेच अंश कमी ठेवतो, इतकंच. म्हणून माठात चालू बाटली ठेवायची. साठ्याच्या बाटल्या गावात ज्यांचा फ्रिज चालू असतो त्यांच्याकडे, नाव लिहून, किंवा मेडिकलवाल्याकडे. आमच्याकडे कितीतरी जण ठेवून जातात आणि लागेल तशी एकेक बाटली नेतात. यात संकोच कसला? पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ फारसा थंड करत नाही, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो.

नेता-आणताना थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर फडकं किंवा पुठ्ठा, त्यावर बाटली. काच बर्फाला लागली तर गोठते. एसटीत इंजिनाजवळ ठेवू नका. मोटारसायकलची डिक्की तर धुऱ्यावर उन्हात उभी राहून भट्टी होते, तिथे कधीच नाही.

बाटली खराब झाली हे कसं ओळखायचं

पारदर्शक इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छच दिसलं पाहिजे. ढगाळ झालं, तंतू दिसले की गेलं. मुळातच पांढरट असलेल्या इन्सुलिनमध्ये घोळवूनही गाठी राहिल्या किंवा काचेला आतून पांढरा थर चिकटला तर तेही गेलं. पण दमलेलं इन्सुलिन दिसायला चांगलंही असू शकतं. म्हणून खाणं तेच, काम तेच, तरी शुगर चढली तर आधी नवी बाटली घ्या आणि डॉक्टरांना "बाटली उन्हात होती" हे स्पष्ट सांगा.

पांढरट इन्सुलिन मुद्दाम तसं केलेलं असतं. डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी 1936 मध्ये माशाच्या वीर्यातलं प्रोटामिन मिसळून इन्सुलिन हळूहळू विरघळेल असं केलं, त्यामुळे दिवसातल्या सुया कमी झाल्या. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या 30/70 मध्ये 30 टक्के लवकर काम करणारं आणि 70 टक्के असं सावकाश चालणारं इन्सुलिन असतं. जड भाग तळाशी बसतो. म्हणून दर वेळी बाटली दोन तळहातांत दहा वेळा घोळवा, दहा वेळा उलटीसुलटी करा. खळखळून हलवू नका. न घोळवता घेतलं तर रोज वेगळंच औषध अंगात जातं.

लाल टोपी, नारिंगी टोपी

हे नीट वाचा, इथली चूक जिवावर बेतते.

इन्सुलिनचं युनिट सुरुवातीला सशावर ठरवलं होतं: उपाशी सशाची साखर ठरावीक पातळीपर्यंत उतरवायला जेवढं लागेल तेवढं. पुढे एका मिलीत 40 युनिट ही ताकद रूढ झाली. बऱ्याच देशांनी नंतर फक्त 100 ची ठेवली, आपल्याकडे दोन्ही चालतात. यू-40 च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, यू-100 ला नारिंगी टोपीची. यू-100 चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेषेपर्यंत भरलं तर 25 युनिट जातात. उलट केलं तर दहाऐवजी फक्त 4. इन्सुलिन पेनची (पेनसारखं दिसणारं, सुई घ्यायचं साधन) कार्ट्रिज, म्हणजे आतली औषधाची नळी, यू-100 ची असते, तिच्यातून सिरिंजने औषध ओढू नका. दुकानदाराने दिलं ते खिशात घालून निघू नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा काउंटरवरच जुळवून पाहा. गर्दी असली तरी थांबा.

सुई टोचताना

हात साबणाने धुवा. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोट, नाहीतर मांडीचा बाहेरचा भाग. रोज जागा थोडी सरकवा. एकाच जागी टोचत राहिल्याने चरबीची गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचतात, पण गाठीतून औषध कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. सुई आत गेल्यावर दहा अंक मोजून मगच काढा. डवरणी, निंदण किंवा लांब पायपीट असेल त्या दिवशी मांडीत घेऊ नका, चालत्या पायातून औषध लवकर चढतं. 30/70 किंवा साधं (रेग्युलर) इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. सुई घेऊन वावरात गेले आणि भाकर दुपारी आली, असं होता कामा नये.

शुगर उतरली की ऊन लागलं?

दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, मग असंबद्ध बडबड. मे महिन्यात हे बघून घरचे म्हणतात, ऊन लागलं, झोपू द्या. इन्सुलिन घेणाऱ्याला असं झालं तर आधी मशीनवर शुगर बघा. 70 च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून पाजा. पंधरा मिनिटांनी परत बघा, चढली नसेल तर पुन्हा द्या, नंतर भाकर. उन्हात जाताना खिशात कांदा ठेवायची आपल्याकडे रीत आहे, त्याच खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा.

मशीनच्या पट्ट्याही उष्णतेने बिघडतात. डबीचं झाकण घट्ट लावा. बरीच मशीनं 40-45 अंशांच्या वर आकडाच दाखवत नाहीत, तेव्हा सावलीत थोडं थांबून तपासा.

ताप, उलट्या आणि सुई

"लेकरू काही खाऊन नाही राह्यलं, म्हणून सुई बंद केली." टाइप 1 च्या लेकराची सुई अशी आपल्या मनाने कधीच बंद करायची नाही. आजारपणात शरीराची साखर उलट वाढते. इन्सुलिन नसेल तर चरबी जळून रक्तात आम्ल साठतं. डोस कमी-जास्त करायला डॉक्टरांना फोन करा, दर तीन-चार तासांनी शुगर बघा, घोट घोट पाणी देत राहा. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि भराभर चालत असेल किंवा तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. जाताना इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्ही पिशवीत घाला, म्हणजे किती आणि कोणतं चालू आहे ते तिथल्या डॉक्टरांना लगेच कळेल.